‘रोज्यामुळे असेल’ म्हणण्याआधी

रमजान आणि परीक्षा एकाच वेळी आल्या आहेत. कॉलेजच्या मुलामुलींच्या थकव्याकडे, डोकेदुखीकडे आणि गप्प बसण्याकडे या महिन्यात जरा नीट पाहू या.

रमजान सुरू झाला की घराचे वेळापत्रक बदलते. पहाटे सहरीसाठी उठायचे, दिवसभर अन्नपाण्याशिवाय राहायचे, सूर्यास्ताला इफ्तार आणि रात्री तरावीहची नमाज. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असते, त्यामुळे हा महिना दरवर्षी थोडा अलीकडे सरकतो. सध्या तो फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो आणि हाच आपल्याकडे परीक्षांचा हंगाम असतो. बारावीचे पेपर, पदवीची प्रॅक्टिकल्स, जर्नल पूर्ण करण्याची घाई, सगळे एकाच वेळी.

अशा दिवसांत डोके दुखते, चक्कर येते, चिडचिड होते. आईने विचारले तर उत्तर ठरलेले असते, “काही नाही अम्मी, रोज्यामुळे असेल.” शेजारच्या घरातही हाच संवाद चालू असतो, फक्त शब्द बदलतात, “काही नाही आई, परीक्षेमुळे असेल.” दोन्ही घरांत विषय तिथेच संपतो.

पुष्कळदा ते खरेही असते. रोज्याच्या पहिल्या तीन-चार दिवसांत चहा सुटल्याने डोके दुखते आणि मग आपोआप थांबते. पण जी तक्रार रमजानच्या आधीही होती आणि ईदनंतरही राहणार आहे, तिचे कारण रोजा नाही. कॉलेजच्या वयातील बहुतेक दुखण्यांना काही ना काही निमित्त चिकटवले जाते. कधी मोबाइल, कधी मेसचे जेवण, कधी ‘वयच तसे आहे’. त्या निमित्ताआड साधा, बरा होणारा आजार लपून राहतो. या महिन्यात सारे घर ठरावीक वेळी एका दस्तरखानावर बसते. मुलाच्या चेहऱ्याकडे पाहण्याची अशी संधी एरवी मिळत नाही.

झोपेची उधारी

तक्रारींत पहिला नंबर झोपेचा. अठरा ते पंचवीस या वयात रोज सात ते नऊ तास झोप लागते. या वयात शरीराचे घड्याळच थोडे उशिराकडे झुकलेले असते, त्यामुळे रात्री लवकर झोप येत नाही, हे खरे आहे. त्यावर मोबाइलची भर पडते. रमजानमध्ये तर ‘आता सहरी करूनच झोपू’ म्हणत मुले पहाटेपर्यंत जागतात, सकाळच्या लेक्चरला डुलक्या घेतात आणि संध्याकाळी आडवी होतात. परीक्षेच्या काळात इतर घरांतही रात्रभर जागून वाचण्याची हीच पद्धत असते.

जागून केलेला अभ्यास टिकत नाही. दिवसभर वाचलेले मेंदू झोपेतच पक्के करतो. म्हणून रमजानमध्ये झोप दोन हप्त्यांत घ्यावी. तरावीहनंतर साडेदहाला झोपून पावणेपाचला उठले तर सव्वासहा तास होतात. कॉलेजमधून आल्यावर अर्धा-पाऊण तास आणखी झोप काढली की गाडी रुळावर राहते. सहरीनंतरचा तास वाचनासाठी चांगला, कारण पोट भरलेले असते आणि घर शांत असते. इफ्तारनंतर जागे राहण्यासाठी कडक कॉफी किंवा एनर्जी ड्रिंक घेण्याची सवय मात्र महागात पडते. त्यातील निम्मे कॅफीन साधारण पाच तासांनंतरही शरीरात असते. रात्री नऊला घेतलेली कॉफी मध्यरात्रीनंतरही झोपू देत नाही.

झोपेची संधी असूनही दोन-तीन आठवडे झोप येत नसेल किंवा दहा-बारा तास झोपूनही उठवत नसेल, तर हे फक्त सवयीचे दुखणे नाही. त्याबद्दल पुढे बोलू.

रक्त कमी, दोष उपवासाला

‘मला थकवा येतो’, ‘जिना चढला की धाप लागते’, ‘वाचताना लक्ष लागत नाही’. ही वाक्ये मुलींच्या तोंडी इतकी ऐकू येतात की घरच्यांना त्यात काही वेगळे वाटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. याच वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण ३१ टक्के होते. म्हणजे दर दहा मुलींतील सहा आणि दर दहा मुलांतील तीन. मुलांचा आकडाही लहान नाही, पण मुलांच्या रक्तक्षयाकडे कोणी पाहतच नाही.

तपासणी अगदी साधी आहे. हिमोग्लोबिन मुलीचे १२ आणि मुलाचे १३ च्या खाली असेल तर रक्तक्षय समजतात. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. गोळ्याही तिथेच मिळतात. गोळ्या सुरू केल्यावर शौचाचा रंग काळपट होतो, कधी मळमळते. त्याला घाबरून बऱ्याच मुली चार दिवसांत गोळ्या सोडतात. रमजानमध्ये ही गोळी इफ्तारनंतर रात्री घेता येते. चहासोबत मात्र घेऊ नये, चहा लोह शरीरात शोषू देत नाही. जेवणावर लगेच चहा पिण्याची आपल्याकडची सर्वधर्मीय सवय याच कारणाने नडते. उलट पालेभाजी किंवा भिजवलेल्या हरभऱ्यावर लिंबू पिळले की लोह जास्त शोषले जाते.

पाळीच्या दिवसांत अतिरक्तस्राव होणे, पाळी दोन-तीन महिने न येणे, चेहऱ्यावर केस, अचानक वाढलेले वजन, याही तक्रारी मुली लपवतात. पीसीओएस हा विकार या वयात बराच दिसतो. ‘लग्नानंतर होईल ठीक’ हा त्यावरचा इलाज नाही. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गेल्याने मुलीच्या नावाला काही होत नाही. पाळीच्या दिवसांत रोजा नसतो, राहिलेले रोजे नंतर ठेवले जातात. तरी घरातील पुरुषांसमोर खायचे कसे, या संकोचाने अनेक मुली त्या दिवसांतही उपाशी राहतात. घरच्या मोठ्या बाईने एक ताट झाकून ठेवले तरी हा प्रश्न सुटतो.

पाणी आणि कॉलेजचे स्वच्छतागृह

तालुक्याच्या गावाहून एसटीने येणारी मुलगी सकाळी सहाला घर सोडते आणि दुपारी तीन-चारला परतते. कॉलेजचे स्वच्छतागृह अस्वच्छ असते, कधी कडी नसते, कधी पाणी. म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नाही. रोजा नसतानाही तिचा हा ‘रोजा’ वर्षभर चालू असतो. मग लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणे, थंडी वाजून ताप, असे मूत्रमार्गाच्या संसर्गाचे चक्र सुरू होते. मुलग्यांमध्ये कमी पाण्यामुळे मुतखडा होतो. खरे तर हा आजार कॉलेजने साबण, पाणी आणि कडी पुरवून बरा करायचा आहे. पालक सभेत गुणांइतकाच हा प्रश्नही विचारावा.

रमजानमध्ये इफ्तारपासून सहरीपर्यंत पाणी थोडे थोडे प्यावे. सहरीच्या शेवटच्या पाच मिनिटांत चार ग्लास एकदम रिचवून उपयोग होत नाही, ते लगेच बाहेर पडते. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडते आहे, हे समजावे.

पोट, पाठ, डोळे आणि खाज

पोटाच्या बाबतीत रोजा आणि उपवास सख्खे भाऊ. दिवसभर उपाशी राहून इफ्तारला भजी, समोसे आणि लाल सरबत. उपवासाला साबुदाण्याची खिचडी, तळलेले वेफर्स आणि पुन्हा चहा. दोन्हीकडे आम्लपित्त ठरलेले. खजूर, पाणी, फळ घेऊन थोडे थांबावे, मग नेहमीचे जेवण जेवावे. सहरीला भाकरी, डाळ, अंडे, दही असले तर दुपार निभावते. डोके दुखते म्हणून रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळी घेण्याची सवय कोणत्याच महिन्यात चांगली नाही. तिने पोटात व्रण होऊ शकतो.

एक गोष्ट मात्र वेगळी लक्षात घ्यावी. काही मुली, आणि काही मुलगेही, वजनाच्या धास्तीने खाणे तोडत जातात. त्यांना रोजा आणि उपवास हे सोयीचे आवरण मिळते. सहरी टाळणे, इफ्तारला दोन घास खाऊन उठणे, सतत आरशात पाहणे, जेवल्यावर उलटी काढणे, झपाट्याने वजन उतरणे, ही भक्ती नव्हे. हा उपचार लागणारा आजार आहे.

खाटेवर पोटावर झोपून मोबाइल पाहिल्याने मान आणि पाठ धरते. डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फूट लांब पाहावे, हा डोळ्यांच्या डॉक्टरांचा सोपा नियम आहे.

वसतिगृहातील मुलांची खास तक्रार म्हणजे जांघेतील आणि काखेतील गजकर्ण. ओले कपडे, घट्ट जीन्स, एकमेकांचे टॉवेल. लाजेने डॉक्टरकडे न जाता मुले औषधाच्या दुकानातून तीन औषधे एकत्र असलेले मलम आणतात. त्यात स्टिरॉइड असते. खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आतल्या आत पसरते आणि पुढे नेहमीच्या औषधांनाही दाद देत नाही. मलमाच्या जोरावर दाबलेले हे दुखणे मग महिनोन् महिने चालते.

ज्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे

मधुमेह फक्त वयस्करांनाच होतो असे नाही. इन्सुलिनवर असलेली कॉलेजची मुले आपल्या शहरातही आहेत. त्यांनी रोज्याचा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा. रोजा ठेवलाच तर दिवसात साखर तपासत राहावी. बोटातून रक्ताचा थेंब काढल्याने रोजा तुटत नाही, असेच बहुतेक आलिम सांगतात. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा त्याच क्षणी सोडावा, हा डॉक्टरांचा स्पष्ट सल्ला आहे.

फिट्स, दमा, थायरॉइड किंवा मानसिक आजाराची औषधे चालू असलेल्यांनी ती स्वतःहून बंद करू नयेत. अनेक औषधांच्या वेळा सहरी आणि इफ्तारला बसवता येतात, काहींच्या येत नाहीत. ते डॉक्टर ठरवतील. आजारी आणि प्रवासी यांना रोजा पुढे ढकलण्याची मुभा कुरआननेच दिली आहे. ही मुभा वापरणाऱ्या मुलाला ‘एवढाही रोजा झेपत नाही?’ असे टोमणे मारण्याचा अधिकार कोणालाही नाही.

जे दिसत नाही ते दुखणे

आता मनाकडे वळू. कॉलेजच्या वयात घर सुटते, भाषा बदलते, मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला सगळी पुस्तके इंग्रजीत दिसतात. फीचा हप्ता थकलेला असतो. घरातील पहिला पदवीधर होण्याचे ओझे असते. बहिणीचे शिक्षण थांबवून आपल्याला शिकवले, ही जाणीव टोचत असते. मोबाइलमध्ये बाकी सगळ्यांचे आयुष्य मजेत चाललेले दिसते. काहींना नावावरून, आडनावावरून, गावावरून ऐकावे लागते. हे सगळे पोरं घरी सांगत नाहीत, कारण घरच्यांना आणखी ताप नको.

मग शरीर बोलू लागते. पेपरच्या आधी छातीत धडधड, घाम, हातापायांना मुंग्या, श्वास अडकल्यासारखा होणे. हृदयविकार समजून मुलाला धावत नेले जाते, ईसीजी सामान्य येतो आणि सगळे म्हणतात, “काही झालेले नाही, नाटक आहे.” नाटक नसते. चिंतेचा झटका खराच असतो आणि त्यावर उपचारही खरे असतात. पोट बिघडणे, सततची डोकेदुखी, वारंवार लघवीला जावेसे वाटणे, ही चिंतेचीच रूपे असू शकतात.

उदासीनतेची खूण वेगळी. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खिन्न राहणे, आवडत्या गोष्टींतला रस संपणे, झोप आणि भूक बिघडणे, आंघोळीचाही कंटाळा, ‘मी कामाचा नाही’ असे सारखे वाटणे. रमजानमध्ये हे सहज लपते. सगळेच थकलेले, सगळेच लवकर झोपायला जाणारे. पण इफ्तारच्या गडबडीतही जो मुलगा कोपऱ्यात बसून राहतो, मित्र बोलवायला आले तरी उठत नाही, त्याच्याकडे लक्ष द्यायला हवे.

मानसिक आजारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आजारांची सुरुवात पंचविशीच्या आत होते, असे अभ्यास सांगतात. म्हणजे हे नेमके कॉलेजचे वय. आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात एका वर्षात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. प्रत्येक घटनेमागे एकच कारण नसते, नापास होणे हे फक्त बाहेरून दिसणारे असते. मदत वेळेवर मिळाली तर ही वेळ टळू शकते, हे मात्र निश्चित.

ताण घालवण्यासाठी मावा, गुटखा, सिगारेट यांच्याकडे वळलेलीही मुले आहेत. रोज्यामुळे त्यांची दिवसाची तंबाखू सुटते आणि इफ्तारनंतर पुन्हा सुरू होते. बारा-तेरा तास ज्याला जमते, त्याला पुढचा टप्पाही जमू शकतो. १८००-११२-३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी मोफत मार्गदर्शन मिळते.

दवा आणि दुआ

मनाच्या डॉक्टरकडे जायचे म्हटले की घरात कुजबुज सुरू होते. आमच्याकडे ‘नजर लागली’, ‘असर झालाय’ म्हणतात. इतरत्र ‘बाहेरची बाधा’ म्हणतात. तावीज, अंगारा, भगत, सगळे होऊन वर्षभराने मूल दवाखान्यात पोहोचते.

यात धर्माचे नाव घेणाऱ्यांना एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. अकराशे वर्षांपूर्वी, आजच्या अफगाणिस्तानातील बल्ख प्रांतात जन्मलेल्या अबू झैद अल-बल्खी या विद्वानाने ‘मसालिह अल-अबदान वल-अनफुस’ नावाचा ग्रंथ लिहिला. शरीराचे आणि मनाचे आरोग्य असा त्याचा विषय. शरीराचे दुखणे मनाला लागते आणि मनाचे शरीराला, म्हणून दोन्हींवर एकत्र विचार करायला हवा, असे त्याचे म्हणणे. भीती, राग, खिन्नता आणि मनात घोळणारे नकोसे विचार यांवर त्याने वेगवेगळे लिहिले. घरात जसे आपण अडीअडचणीसाठी औषध ठेवतो, तसे चांगल्या दिवसांत धीर देणारे विचार साठवून ठेवावेत, असाही त्याचा सल्ला होता. दुआ जरूर करावी. दवा घेतल्याने दुआ कमी होत नाही.

मदत कुठे मिळते? जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. ‘टेलिमानस’ ही सरकारची मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र तणावाखालील व्यक्ती मानून शिक्षेऐवजी काळजी आणि उपचार द्यावेत, असेही हा कायदा सांगतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षण संस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमण्यास सांगितले. आपल्या मुलाच्या कॉलेजात समुपदेशक आहे का, त्याची खोली कुठे आहे, हे पालकांनी एकदा विचारून पाहावे.

घरच्यांनी काय करावे

‘अभ्यास झाला का?’ हा प्रश्न महिनाभर बाजूला ठेवून ‘झोप लागते का?’ असे विचारावे. मूल बोलू लागले की लगेच उपदेश करू नये. ‘आमच्या वेळी तर...’ हे वाक्य त्याचे तोंड बंद करते. वसतिगृहात असलेल्या मुलाला फोन केला तर ‘जेवलास का?’ याच्या पुढचा एक प्रश्न विचारावा, काय जेवलास आणि कोणाबरोबर? एकट्याने जेवणारा मुलगा बऱ्याचदा इतर गोष्टींतही एकटा असतो.

‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे कोणी बोलले, आवडत्या वस्तू वाटू लागले, निरोप घेतल्यासारखे वागू लागले, तर ते गंभीर समजावे. ‘जीव द्यावा असे वाटते का?’ असे सरळ विचारावे. असे विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट मनातले बोलायला वाट मिळते. अशा वेळी त्याला एकटे सोडू नये. १४४१६ वर फोन लावावा किंवा थेट रुग्णालयात न्यावे. तातडीची वेळ असेल तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.

परीक्षा संपतील, ईदचा चंद्र दिसेल आणि शिरखुर्म्याचे डबे नेहमीप्रमाणे शेजारच्या घरी जातील. त्याआधीच्या या दिवसांत प्रत्येक घराने एवढे करावे. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, त्यांना झोपायला वेळ द्यावा आणि १४४१६ हा क्रमांक त्यांच्या फोनमध्ये साठवून द्यावा. आणि पुन्हा ‘काही नाही, रोज्यामुळे असेल’ असे उत्तर आले, तर तिथेच थांबू नये. “आणि रोजा नसतो तेव्हा कसे वाटते?” एवढे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत शेजारी बसून राहावे.